मासवडीचा गाडा, चार लाख व्ह्यूज आणि मी

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बसमध्ये बसल्यावर ज्यांना हेडफोन घरी राहिल्याचं आठवतं, त्यांच्यासाठी. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.)



आजचा भाग खाण्याबद्दल आहे. पण सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, म्हणजे नंतर शिव्या नकोत. ज्या गाड्याबद्दल मी आज बोलणार आहे, त्याचं गाव, चौक, मॅपवरची पिन, यातलं काहीही मी सांगणार नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तो कुठेतरी आहे, एवढंच. इन्स्टावर मेसेज केलात तरी सांगणार नाही. तुम्ही म्हणाल, भाव खातोय. नाही हो. एकदा सांगून बसलोय, चार लाख लोकांना. त्याचीच ही गोष्ट आहे.

मागच्या पावसाळ्यातली. जुलै महिना. माझं आजोळ जुन्नर तालुक्यात. शुक्रवारी रात्री उशिरा लॅपटॉप बंद केला आणि शनिवारी पहाटे पाचला हिंजवडीतून बाईक काढली. पुणे-नाशिक हायवे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. चाकण एकदाचं मागे पडलं, राजगुरुनगर गेलं, की हवाच बदलते. मग मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा. डावीकडे ढगात बुडालेले सह्याद्रीचे डोंगर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि टोमॅटो, आणि समोरून क्रेट भरलेले पिकअप अंगावर आल्यासारखे येतात.

हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर ही नावं तुम्हाला माहीत आहेत. पण इथेच नारायणगावात तमाशाची पंढरी आहे, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. इथेच खोडदला जीएमआरटी आहे, म्हणजे आकाशाकडे तोंड करून बसलेल्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश. आणि आंबेगाव नावाचा तालुका आहे, पण मूळचं आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलंय, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. लहानपणी मला हे फार गूढ वाटायचं. पाण्याखालच्या गावाचं नाव पाण्याबाहेरच्या सगळ्यांनी लावायचं.

असो. गाड्याकडे येतो.

पाऊस भुरभुर चालू होता, जॅकेटच्या आत पाणी गेलेलं, आणि पोटात काही नाही. एका बाजाराच्या आवाराजवळ निळी ताडपत्री दिसली. खाली चार चाकांचा गाडा, एक स्टोव्ह, एक शेगडी, दोन बाकडी. बाकड्यांवर हमाल, एक एसटीचा कंडक्टर, आणि दोन पिकअपवाले. कुणी बोलत नव्हतं. माझा एक साधा नियम आहे, गाड्यावर लोक जेवताना गप्प असतील तर थांबायचं.

मला वाटलं वडापाव असेल. बघतो तर मासवडी.

आता मासवडी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हसू नये. ज्यांना माहीत नाही त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “मासे असतात का?” नसतात. पूर्ण शाकाहारी आहे. बेसनाची उकड, तिच्यात खमंग कोरडं सारण, आणि गुंडाळीचा आकार माशासारखा, मधे फुगीर आणि कडेला निमुळता, म्हणून मासवडी. बरोबर काळ्या वाटणाचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. विदर्भ-खानदेशातल्या लोकांना पाटवडी माहीत असते. ती पाटावर थापून कापतात. मासवडी तिची चुलत बहीण समजा, फक्त हिच्या पोटात सारण असतं.

गाडा चालवणारी मावशी. वय पंचावन्न-साठ, कपाळावर मोठं कुंकू, साडीवर पुरुषाचा जुना शर्ट. तिनं मान वर न करता विचारलं, “एक का दोन?” मी म्हटलं, एक. ऐंशी रुपये प्लेट. सहा वड्या, वाटीभर रस्सा, एक भाकरी, कांदा आणि लिंबाची फोड. रस्सा संपला तर पुन्हा मिळतो, वडी संपली तर मिळत नाही.

मी शहाणपणा करून पहिलीच वडी रस्स्यात बुडवली. शेजारचा कंडक्टर म्हणाला, “तसं नाय, पाव्हनं. भाकर रस्स्यात चुरा. वडी कोरडी खा, वरून रस्सा प्या.” तसं करून बघितलं. आणि त्याचं बरोबर होतं, राव! वडीचं बाहेरचं आवरण मऊ, पण दाताला चिकटत नाही. आत भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, लसूण, आणि कांदा इतका परतलेला की तो गोडसर लागतो. तेवढ्यात रस्स्याचा ठसका घशात येतो आणि डोळ्यांत पाणी येतं. अंगातली थंडी गेली.

माझी आजी मासवडी करायची. ती गेल्याला सहा वर्षं झाली. घरी कुणी करत नाही. आई म्हणते, “कोण एवढा घाट घालणार!” हायवेवरच्या हॉटेलांत मी पुष्कळदा खाल्ली, वाईट नसते. पण त्या दिवशी गाड्यावर आजीच्या हातची चव आली असं मी म्हणणार नाही, कारण आजीची जास्त तिखट असायची. मात्र एक गोष्ट तशीच होती. टोकाचा तुकडा. गुंडाळी कापली की दोन्ही टोकांना वाकडा, सारण कमी असलेला एकेक तुकडा उरतो. आजी तो आम्हा पोरांना द्यायची. मावशीही तो प्लेटमध्ये मोजत नव्हती. मी बघतोय हे पाहून तिनं एक माझ्या ताटात टाकला आणि म्हणाली, “शेपूट हाय, खा. ह्याचं पैसं नाय.”

मग मी तिथे दोन तास बसलो. पाऊस थांबायची वाट बघतोय असं सांगितलं, पण खरं तर मला ती करते कशी ते बघायचं होतं.

आणि हे नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

पातेल्यात तेल, जिरं, हिंग, वाटलेली लसूण-मिरची, हळद. मग पाणी. उकळी फुटली की एका हातानं बेसन वैरायचं आणि दुसऱ्या हातानं घाटत राहायचं, गुठळी न होऊ देता. झाकण ठेवून वाफ काढायची. इथपर्यंत कुणालाही जमेल. खरी परीक्षा पुढे. ते पीठ चटका बसेल इतकं गरम असतानाच ओल्या फडक्यावर घ्यायचं, हाताला पाणी लावून पातळ थापायचं, सारण पसरायचं आणि फडक्याच्या आधारानं गुंडाळायचं. पीठ गार झालं की ते वळत नाही, भेगा पडतात. फार गरम असलं तर हात भाजतो. म्हणजे मधली काही मिनिटंच आपल्या हातात असतात. त्या काही मिनिटांत मावशी पाच गुंडाळ्या करते. म्हणून एका खेपेला पाचच. जास्त पीठ शिजवून उपयोग नाही, सहावी गुंडाळी करेपर्यंत ते आळून बसतं.

पाच गुंडाळ्या, प्रत्येकीच्या टोकं सोडून दहा-अकरा वड्या, म्हणजे साधारण नऊ प्लेट. एका खेपेला पाऊण तास. सकाळच्या चार खेपा. दिवसाला छत्तीस प्लेट. संपलं की गाडा बंद, दुपारी एकच्या आत.

मी डोक्यात हिशोब मांडत होतो, सवयच आहे. म्हटलं, मावशी, एवढ्या लवकर बंद का करता? लोक तर येतायत. ती म्हणाली, “माझे हात दोनच हायेत.”

आता थोडं विषयांतर, पण गरजेचं. वडापाव जगभर का गेला आणि मासवडी दोन-चार तालुक्यांत का राहिली? वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी सुरू केला असं सांगतात. त्याची रचना बघा. पाव बेकरीतून येतो. भाजी सकाळी एकदा करून ठेवता येते. चटणी आठवडाभर टिकते. गिऱ्हाईक आलं की फक्त तळायचं, तीन-चार मिनिटांत हातात. गर्दी वाढली तर कढई मोठी घ्या, पोरगा ठेवा. मिसळीचंही तसंच, उसळ आणि कट पातेल्यात तयार, वरून फरसाण. आमच्या भाषेत सांगायचं तर यांचं काम वाटून देता येतं. मासवडीचं येत नाही. रस्सा पाणी घालून वाढवता येईल, वडी वाढवता येत नाही. तिचा सगळा जीव त्या गरम पिठावरच्या काही मिनिटांत आणि एका माणसाच्या तळहातात आहे.

आणि तिचा जन्मही बाजारासाठी झालेला नाही असं मला वाटतं. बेसन, तीळ, सुकं खोबरं, लसूण, बाजरी. ही सगळी कोरडी, घरात साठवून ठेवता येणारी सामग्री. आज कुकडीच्या पाण्यावर इथे ऊस आणि टोमॅटो दिसतो, पण माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं सगळी अलीकडच्या काही दशकांतली. त्याआधी उन्हाळ्यात भाजी मिळायची कुठे? पाहुणा आला, घरात माळकरी माणूस असेल तर कोंबडं कापता येत नाही, मग मटणाच्या तोडीचं काहीतरी करायचं तर हे. माझी आजी जावई आला की मासवडी करायची. म्हणजे हा वेळ घालवून करायचा पदार्थ आहे. मान देण्याचा.

हे सगळं मला आज कळतं. त्या दिवशी मी काय केलं? फोन काढला.

मावशीला विचारलं, व्हिडिओ काढू का? ती म्हणाली, “काढ की.” विचारलं होतं मी, हे खरं आहे. पण ती कशाला ‘काढ की’ म्हणाली हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, पोरगा घरी आईला दाखवेल.

रविवारी रात्री मामाच्या घरी बसून बावन्न सेकंदांचं रील कापलं. पहिल्या तीन सेकंदांत वाफेत गुंडाळी फिरवणारे हात. मग सुरी. मग रस्सा. वर अक्षरं, ‘पुण्यापासून दोन तासांवर ऐंशी रुपयांत स्वर्ग’. आणि लोकेशनची पिन. माझे तेव्हा फॉलोअर्स जेमतेम दोन हजार. मागच्या रीलला नऊशे व्ह्यूज होते. झोपलो.

सकाळी चाळीस हजार. बुधवारी दीड लाख. पुढच्या रविवारपर्यंत चार लाख. ऑफिसात लोक मला ओळखायला लागले, टीम लीडनं विचारलं, “जायचं कधी?” मी खोटं बोलणार नाही, मला खूप भारी वाटत होतं. आणि मनापासून वाटत होतं की मी मावशीचं भलं केलंय.

तीन आठवड्यांनी मामाचा फोन आला. मामा तसा कमी बोलतो. म्हणाला, “तुझ्या त्या मासवडीवालीकडं एकदा जाऊन ये. नुसता जाऊन ये.”

गेलो. रविवारीच गेलो. रस्त्याच्या कडेला एमएच बारा आणि एमएच चौदाच्या गाड्यांची रांग. ताडपत्रीखाली पन्नास-साठ माणसं. निम्म्यांच्या हातात फोन वर धरलेले. मावशीबरोबर तिची सून होती, आणि शेजारचा एक मुलगा प्लेटा धूत होता. मावशीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली.

मी रांगेत उभा राहिलो. पाऊण तासानं प्लेट मिळाली. वडी कडक होती. कडेला भेग पडलेली, सारण सांडत होतं. रस्सा पातळ. माझ्यामागे एक जण मित्राला म्हणाला, “ओव्हररेटेड आहे यार.” आणि फोनमध्ये काहीतरी टाईप केलं.

मला कळलं काय झालंय. जे मी कामावर रोज बघतो तेच. शंभर माणसांसाठी बनवलेल्या सर्व्हरवर एकदम दहा हजार आली की तो बंद पडतो किंवा चुकीची उत्तरं द्यायला लागतो. फरक एवढाच, की आम्ही आधी लोड टेस्टिंग करतो. इथे मी मावशीच्या हातांवर लोड टाकला होता, तिला न सांगता.

दोन वाजता गर्दी पांगली. मी बाकड्यावर बसून होतो. तिनं ओळखलं. “तू व्हय रं? तुझाच तो व्हिडिओ ना?”

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तसं झालं नाही. तिनं चहा टाकला. आणि मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं सांगतो.

पहिला रविवार आला तेव्हा तिला आनंद झाला. छत्तीस प्लेट साडेदहालाच संपल्या. पुढच्या रविवारी ती रात्री दोनला उठली. सून आली. सहासष्ट प्लेट केल्या. एवढ्या खेपा करायच्या तर वड्या आधी करून ठेवाव्या लागल्या, त्या गार होऊन कडक झाल्या. घाईत पीठ थापताना बोटं भाजली. लोक रांगेत चिडले, काही न खाताच गेले. तरी पैसे मिळाले, ते ती नाकारत नव्हती. “पैसा काय वाईट नसतो बाळा,” म्हणाली.

पण अडचण रविवारची नव्हती. अडचण सोमवार ते शनिवारची होती. कारण लोक वारीही येत होते, दहापासून. आणि हमालांची सुट्टी दहा ते साडेदहा. त्यांना अर्ध्या तासात खाऊन कामावर जायचं असतं. आठवडाभर ते आले, उभे राहिले, उपाशी गेले. मग त्यांनी समोरच्या वडापावच्या गाडीवर जायला सुरुवात केली. एसटीचा तो कंडक्टर, त्याची गाडी दहा मिनिटं थांबते, तो तर यायचाच बंद झाला. असे आठ जण. रोजचे आठ.

मी फोनवर हिशोब केला. तिच्यासमोरच. तीन रविवारी तीस-तीस प्लेट जास्त गेल्या, म्हणजे नव्वद प्लेट, सात हजार दोनशे रुपये. त्यातून सामान आणि सुनेची मेहनत वेगळी. आणि रोजचे आठ जण गेले, म्हणजे दिवसाला सहाशे चाळीस. सहा दिवसांचे तीन हजार आठशे चाळीस. दोन आठवड्यांत सात हजार सहाशे ऐंशी. म्हणजे जे रविवारी आलं ते दोन आठवड्यांत वारी परत गेलं. आणि रविवारची गर्दी कायमची नाही. हमाल कायमचे होते.

तिनं आकडे ऐकले आणि म्हणाली, “हे मला कवाच कळलंय. तुला मोबाईल लागला.”

गंमत वाटते ना? मलाही तेव्हा हसू आलं, आणि लगेच लाज वाटली.

मी विचारलं, रील काढून टाकू? ती म्हणाली, “टाक.” तिथेच बसून डिलीट केलं. चार लाख व्ह्यूज. सांगायला सोपं वाटतं, बोट दोन वेळा थांबलं होतं माझं. आणि उपयोग अर्धाच झाला, कारण तोवर इतर पाच-सहा जणांनी तिथे येऊन आपापले व्हिडिओ टाकले होते. ते माझ्या हातात नव्हते. सुटलेला बाण म्हणतात तसं.

मग माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. मी तिला उपाय सांगायला लागलो. व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशी बुकिंग घ्या. ती म्हणाली, “हमालाला उद्या काम हाय का नाय हेच रात्री म्हाईत नसतं, तो बुकिंग काय करील?” टोकन द्या. “टोकन दिलं तरी वडी पाऊण तासानंच व्हनार.” एखादी बाई मदतीला ठेवा. “सून शिकतीय. दोन वरसं लागत्यात हाताला.” रविवारी भाव वाढवा. यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एकाला ऐंशी अन् एकाला दीडशे, त्याच बाकड्यावर? न्हाय जमायचं.”

शेवटी जो तोडगा निघाला तो तिचाच होता. पहिल्या दोन खेपा रोजच्या गिऱ्हाइकांच्या. साडेदहापर्यंत नवीन माणसाला फक्त चहा. त्यानंतरच्या दोन खेपा जो येईल त्याच्या. छत्तीसच्या वर एक नाही. आणि रविवारी गाडा बंद.

रविवार बंद! आठवड्याचा सगळ्यात मोठा धंदा. मी म्हटलं, मावशी, नुकसान आहे. ती म्हणाली, “व्हिडिओच्या आधी रविवारी तरी काय मोठी जत्रा होती? उलट बोटं बरी व्हतील.”

पुढच्या रविवारी गाडा चालूच होता, कारण सामान आणून ठेवलेलं. पासष्टची तयारी. आणि त्या दिवशी धो धो पाऊस पडला. शिवाय इन्स्टावाल्यांना तोवर दुसरा कुठला तरी धबधबा सापडला होता. पंचवीस प्लेट उरल्या. मासवडी दुसऱ्या दिवशी विकत नाही ती. आळीत वाटल्या. म्हणजे गर्दी जशी न सांगता आली तशी न सांगता गेली. रविवार बंद ठेवण्याबद्दल त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

आज काय स्थिती आहे? मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. मंगळवारी, सुट्टी टाकून. आठ जणांपैकी पाच परत आलेत. तिघे नाहीत. त्यातले दोघे समोरच्या वडापाववर रुळले. कंडक्टरची बदली झाली म्हणे, त्याचा माझ्याशी संबंध नसावा, पण मला उगाचच तो असता तर बरं वाटलं असतं. त्यानंच मला मासवडी खायला शिकवलं होतं. सुनेच्या हाताला वळण येतंय. तिची गुंडाळी अजून एका बाजूला जाड होते, मावशी ती वडी स्वतः खाते, गिऱ्हाइकाला देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, रील बनवायचीच नाहीत का? तसं नाही. अनेक गाडे गर्दीनं उभे राहिलेत. वडापावचा, भेळेचा, चहाचा गाडा असेल तर बिनधास्त टाका, त्यांना गर्दी पेलते. मी एवढंच शिकलो, की आधी बघायचं. हा पदार्थ किती माणसं करतात? दिवसाला किती होतो? संपल्यावर पुन्हा करता येतो का? आणि आत्ता जे शांतपणे जेवतायत, त्यांचं माझ्यामुळे काय होईल? नुसतं ‘व्हिडिओ काढू का’ विचारून भागत नाही. ‘हा व्हिडिओ अनोळखी लोक बघतील, आणि त्यातले पन्नास रविवारी इथे येतील, चालेल का’ हे विचारावं लागतं. लांबलचक आहे, मान्य. पण तो खरा प्रश्न आहे.

आणि मासवडी खायची असेल तर अडलंय कुठे? नारायणगाव-आळेफाटा पट्ट्यात हायवेवर पाट्या लावलेली हॉटेलं आहेत, त्यांची स्वयंपाकघरं मोठी आहेत, त्यांना गर्दी हवीच असते. तिथे जा, पोटभर खा. भाकरी रस्स्यात चुरा, वडी कोरडी. त्याहून चांगलं म्हणजे घरी करून बघा. मी आईबरोबर तीनदा केली. पहिल्यांदा पीठ गार झालं, भेगा पडल्या. दुसऱ्यांदा हात भाजला. तिसऱ्यांदा चार वड्या बऱ्या आल्या. आई म्हणाली, “आजीसारखी नाही झाली.” पण दोन खाल्ल्या तिनं.

त्या मंगळवारी साडेदहा वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा मी गाड्यावर पोचलो. मावशीनं नियमाप्रमाणे मला चहा दिला. नवीन माणूस म्हणून! मी म्हटलं, अहो, मी ओळखीचा आहे ना? ती म्हणाली, “वळखीचा हाय. रोजचा न्हाय.” बसलो गप्प. हमाल जेवून उठले. तिसरी खेप उतरली, पहिली गुंडाळी कापली गेली, आणि तिनं माझ्या ताटात सहा वड्यांच्या बाजूला एक वाकडी शेपूट ठेवली.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मोबाईल खिशात हाय ना?”

म्हटलं, आहे मावशी. खिशातच आहे.

चला मंडळी, आजचं एवढंच. तुमच्या गावातला असा एखादा गाडा असेल तर मला सांगा, पदार्थ सांगा, चव सांगा, चालवणारं माणूस कसं आहे ते सांगा. लोकेशन तेवढं पाठवू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पोटभर खा.